नांगर आणि लेथ

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघालात, की शिरढोण नावाचे गाव लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावी झाला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात शेतकऱ्यांचे झालेले हाल पाहून त्यांचे मन पेटले. १८७९ मध्ये त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध शस्त्र हाती घेतले. ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

त्याच काळात बेळगावच्या मुलुखात एक मुलगा वाढत होता. मोठेपणी त्यानेही शेतकऱ्यासाठी लोखंडच हाती घेतले. मात्र ते लोखंड तलवारीचे नव्हते, नांगराचे होते. त्या मुलाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे हे त्यांचे दोन छंद. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण तेथे एक अडचण उभी राहिली. काही रंगांमधील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. रंग न ओळखणारा चित्रकार कसा होणार? दुसरा कोणी असता तर निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे यंत्रे हाताळण्याची त्यांना चांगली संधी मिळाली. परंतु बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. त्या दुकानाची सुरुवात १८८८ सालची मानली जाते. पण दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचे समाधान होईना. त्यांना स्वतः यंत्र बनवायचे होते.

त्यांनी पहिल्यांदा बनवले ते कडबा कापण्याचे यंत्र. अख्खा कडबा टाकला तर गुरे पाने खातात आणि ताटे तशीच सोडतात. बारीक कापला तर सगळा चारा पोटात जातो. यंत्र साधेच, पण त्यातली खुबी नीट पाहा. पाते आणि कडबा यांची जेथे गाठ पडते, तेथेच खरे काम होते. पाते बोथट असेल तर ताट कापले न जाता चिरडते. पात्याजवळ फट राहिली तर ताट वाकून निसटते. बाकीचे यंत्र कितीही मजबूत असो, त्या एका जागी चूक झाली की सारे फुकट.

त्यानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन फक्त उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ माती कापतो आणि मागचा वळणदार पत्रा ती उलटी करतो. येथेही प्रश्न दोन वस्तूंच्या भेटीचा होता. ओली काळी माती पत्र्याला चिकटून बसली, तर बैलांना नांगर ओढवत नाही. ती पत्र्यावरून घसरत गेली पाहिजे. शिवाय माती आणि लोखंड सतत एकमेकांवर घासल्यामुळे फाळ झिजतो. म्हणून पत्र्याचे वळण बरोबर हवे आणि फाळाचे लोखंड कठीण हवे.

पण नांगराची खरी परीक्षा पुढेच होती. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर घ्यायला कोणी पुढे येईना. पहिली विक्री व्हायला दोन वर्षे लागली! विचार करा, दोन वर्षे माल पडून राहिला तर कारखानदाराची काय अवस्था होईल? लक्ष्मणराव मात्र खचले नाहीत. हळूहळू नांगराचे काम शेतकऱ्यांच्या नजरेस पडले आणि त्यांची भीती गेली.

इतक्यात दुसरे संकट आले. बेळगावची कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम झाला. या वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले. जागा निवडुंगाने भरलेली आणि सापांचा सुळसुळाट. कामगारांनी मालकासोबत ती साफ केली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. ती आता सांगली जिल्ह्यात आहे. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी चक्क पहारेकरी नेमले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. एके काळी आग ओकणाऱ्या तोफांचे नांगर झाले!

कारखाना वाढला. पंप, उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे बनू लागली. १९४१ मध्ये त्या वेळच्या म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे किर्लोस्करांचा आणखी एक कारखाना निघाला. तेथे लेथ तयार होऊ लागले. लेथ म्हणजे धातू कापणारे यंत्र. त्यात लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो. त्याला धारदार हत्यार टेकवले, की सफरचंदाच्या सालीसारखी धातूची साल निघते. लेथ हे यंत्रे बनवणारे यंत्र आहे. ते देशात बनले, म्हणजे इतर यंत्रेही देशात बनू शकतात.

येथे पुन्हा तोच प्रश्न येतो. हत्यार आणि धातू जेथे भेटतात, तेथे नक्की काय घडते? ती जागा अगदी लहान असते, पण तेथील दाब प्रचंड असतो आणि उष्णता शेकडो अंशांपर्यंत चढते. दाब वाढला की घर्षण त्याच प्रमाणात वाढते, हा नियम फ्रेंच अभियंता कूलोम याने अठराव्या शतकात प्रयोगांनी पक्का केला. पण लेथच्या हत्याराच्या टोकापाशी तो नियम पुरा पडत नाही. तेथे साल हत्यारावरून घसरत नाही, ती चिकटते. मग सालीच्या आतला मऊ धातूच कातरला जातो. टोकापासून थोडे दूर गेल्यावर साल पुन्हा नेहमीसारखी घसरू लागते.

आजचे अभियंते हे सारे संगणकावर तपासतात. ते हत्यार आणि धातू यांचे चित्रात हजारो लहान तुकडे पाडतात. कोणता तुकडा कोणाला टेकला, तेथे तो चिकटला की घसरला, याचा हिशेब संगणक क्षणाक्षणाला करतो. एक वस्तू दुसरीच्या आत घुसू नये, याचीही त्याला काळजी घ्यावी लागते. भेटीच्या जागी नियम चुकीचा धरला, तर उष्णता आणि झीज यांची उत्तरे चुकतात. मग हत्यार वेळेआधी तुटते आणि माल वाया जातो.

लक्ष्मणरावांजवळ संगणक नव्हता. त्यांच्याजवळ डोळे, हात आणि धीर होता. कडबा, माती आणि लोखंड यांना धार जेथे भिडते, तेथे त्यांनी लक्ष दिले. माणसांच्या बाबतीतही त्यांनी तेच केले. शेतकऱ्याची भीती समजून घेतली. कामगारांमध्ये उच्चनीच येऊ दिले नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी लेथपुढे उभा राहील, कोणी संगणकापुढे बसेल. दोघांनाही त्या लहानशा भेटीच्या जागेकडे बारकाईने पाहावे लागेल. मोठ्या यंत्राचे यश तेथेच ठरते.