न गोठणाऱ्या पाण्याचं गणित

बारावीच्या फिजिक्समध्ये प्रकाशाच्या लहरी शिकताना ‘हायगेन्सचं तत्त्व’ तुम्ही घोकलं असेल. पण दूरदूरच्या ग्रहांवर हवापाणी कसं असेल, तिथं कोण राहत असेल, याचा चक्क पुस्तकभर विचार करणारा हायगेन्स वर्गात भेटत नाही.

ख्रिस्तियान हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९चा, नेदरलँड्समधल्या हेगचा. वडील कवी आणि मुत्सद्दी. देकार्तसारख्यांची घरी ऊठबस. ख्रिस्तियान आणि त्याचा थोरला भाऊ दुर्बिणीची भिंगं स्वतः घासायचे. अशाच दुर्बिणीतून १६५५मध्ये त्याला शनीचा चंद्र टायटन सापडला, तेव्हा तो जेमतेम पंचविशीत होता. पुढच्याच वर्षी त्यानं लंबकाचं घड्याळ बनवलं. १६६६पासून पॅरिसच्या विज्ञान अकादमीत मानाची जागा मिळाली. तब्येत मात्र साथ देईना. १६८१मध्ये तो हेगला परतला, तो कायमचाच.

आजारपण आणि एकटेपणाच्या त्या वर्षांत त्यानं भावाला उद्देशून ‘कॉस्मोथिओरोस’ लिहिलं. युक्तिवाद सरळ होता. पृथ्वी हा सूर्याभोवती फिरणारा अनेकांतला एक ग्रह असेल, तर बाकीचेच ओसाड का असावेत? जीवसृष्टी म्हटली की पाणी आलं. पण आपलं पाणी गुरू-शनीवर गोठून जाईल. मग तिथलं पाणी वेगळं असणार, त्या थंडीतही वाहणारं! तारे हेही सूर्यच, त्यांनाही ग्रह असणार. ते इतके लांब आहेत की आपल्याला दिसत नाहीत, इतकंच.

सगळेच अंदाज काही बरोबर आले नाहीत. गुरूला चार चंद्र, म्हणजे तिथल्या खलाशांची दिशा शोधायची सोय झाली, मग जहाजं, शिडं, नांगरही असतील, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. पण हे सगळे तर्क आहेत, याचं भान त्यानं सोडलं नाही.

८ जुलै १६९५ रोजी तो गेला. पुस्तक छापून आलं १६९८मध्ये.

आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला १९९५मध्ये, म्हणजे बरोबर ३०० वर्षांनी. २००५मध्ये त्याचंच नाव दिलेलं यान टायटनवर उतरलं. उणे १८० अंशांच्या आसपासची थंडी, तरी यानानं टिपलेल्या फोटोंत प्रवाहांनी कोरलेल्या नाळी आणि गुळगुळीत गोटे! तिथं पाणी दगडासारखं कडक असतं आणि वाहतो तो द्रवरूप मिथेन.

आता नजर आणखी लांब गेली आहे. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह सापडलेत. त्यांतले काही फार तापलेले नाहीत, फार गारठलेलेही नसावेत. तिथं हवा आहे का, हे आता दुर्बिणी तपासताहेत. पण त्यामागचा प्रश्न हायगेन्सचाच आहे: तिथं वाहतं पाणी असू शकेल का?