वेगाची सम्राज्ञी, संशयाची सावली

जगातील सर्वांत वेगवान महिला हा फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर हिचा लौकिक तिच्या मृत्यूनंतरही अबाधित राहिला. त्याला चिकटलेला उत्तेजकांचा संशयही तितकाच चिवट ठरला.

२१ डिसेंबर १९५९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली फ्लोरेन्स अकरा भावंडांतील सातवी. वॉट्स या गरीब वस्तीत शिवणकाम करणाऱ्या आईने मुलांना वाढविले. घरखर्चासाठी १९७९ मध्ये फ्लोरेन्सने कॉलेज सोडून बँकेत नोकरी धरली. प्रशिक्षक बॉब केर्सी यांनी अर्थसाहाय्य मिळवून देऊन तिला पुन्हा मैदानावर आणले. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिने २०० मीटर शर्यतीत रौप्यपदक पटकावले.

१०० मीटरमधील तिची १९८७ पर्यंतची सर्वोत्तम वेळ होती १०.९६ सेकंद. १६ जुलै १९८८ रोजी इंडियानापोलिस येथे तिने हे अंतर १०.४९ सेकंदांत कापले आणि एव्हलिन ॲशफर्डचा १०.७६ सेकंदांचा विश्वविक्रम मागे टाकला. शेजारी तिहेरी उडीच्या ठिकाणी जोरदार वारा नोंदला जात असताना धावपट्टीवरील यंत्र शून्य दाखवीत होते. त्यामुळे विक्रम वादात सापडला; पण दुसऱ्याच दिवशी नियमात बसणाऱ्या वाऱ्यात तिने १०.६१ सेकंदांची वेळ दिली. सोल ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्ण व एक रौप्यपदक जिंकले आणि २०० मीटरमध्ये २१.३४ सेकंदांचा विश्वविक्रम केला.

त्याच ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन उत्तेजक चाचणीत दोषी ठरला आणि संशयाची सुई फ्लोरेन्सकडेही वळली. एका वर्षातील झेप व पिळदार झालेले शरीर यांवर बोट ठेवले गेले. आपण तिला ग्रोथ हार्मोन विकल्याचा आरोप एका अमेरिकी धावपटूने १९८९ मध्ये केला. तिने तो ठामपणे फेटाळला. ती एकाही चाचणीत दोषी आढळली नाही. मात्र पूर्वसूचनेविना चाचण्या सुरू होण्याच्या सुमारास, फेब्रुवारी १९८९ मध्ये, तिने निवृत्ती पत्करल्याने टीकाकारांना बळ मिळाले.

२१ सप्टेंबर १९९८ रोजी वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी झोपेतच तिचा अंत झाला. अपस्माराच्या झटक्यात श्वास कोंडल्याचे शवविच्छेदनात निष्पन्न झाले. कुजबुज तरीही थांबली नाही.

२०२१ मध्ये एलेन थॉम्पसन-हेरा १०.५४ सेकंदांपर्यंत, तर २०२३ मध्ये शेरिका जॅक्सन २१.४१ सेकंदांपर्यंत पोहोचली. विक्रम मात्र फ्लोरेन्सच्याच नावावर राहिले. आरोप सिद्ध झाला नाही आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याची संधी मृत्यूने कायमची हिरावली.