पुढच्याच वचनापासून

तुमच्या मंडळीने तुम्हाला अपमान करून घालवून दिले आणि तीन वर्षांनी पुन्हा बोलावले, तर पहिल्या उपासनेत पुलपिटवरून तुम्ही काय बोलाल? हा प्रश्न मनात ठेवून जॉन कॅल्व्हिन यांच्या जीवनाकडे पाहा.

कॅल्व्हिन यांचा जन्म १० जुलै १५०९ रोजी फ्रान्समधील नोयाँ येथे झाला. शिक्षण कायद्याचे, स्वभाव लाजाळू आणि पुस्तकांत रमणारा. १५३६ मध्ये प्रवासात एका रात्रीपुरते ते जिनिव्हात थांबले. तेथील सुधारक गिलोम फरेल यांनी आग्रहाने, खरे तर देवाच्या कोपाचा धाक घालून, त्यांना ठेवून घेतले. लवकरच नगरपरिषदेशी खटका उडाला. मंडळीचे विधी आणि शिस्त पाळकांनी ठरवायची की परिषदेने, हा वादाचा मुद्दा होता. परिषदेने उपदेश करण्यास मनाई केली, तरी १५३८ च्या ईस्टरला कॅल्व्हिन पुलपिटवर चढले. त्यांनी उपदेश केला, पण प्रभुभोजन दिले नाही. लगेच त्यांना शहर सोडण्याचा हुकूम झाला.

पुढची तीन वर्षे स्ट्रासबुर्गमध्ये फ्रेंच निर्वासितांच्या मंडळीत गेली. तेथे त्यांचा विवाह झाला आणि मनाला स्वस्थता मिळाली. जिनिव्हाला परत जाण्याची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. पण परिषदेनेच पुन्हा पुन्हा विनवणी केली आणि सप्टेंबर १५४१ मध्ये ते परतले.

आता लोक ऐकायला बसले होते. जुने हिशेब चुकते करण्याची याहून चांगली संधी कोणती? कॅल्व्हिन आपल्या सेवेविषयी थोडेसे बोलले आणि तीन वर्षांपूर्वी शास्त्रभाग जेथे थांबला होता, तेथूनच पुढे उपदेश करू लागले. जणू मधे काही घडलेच नव्हते!

आपण रविवारी कोणता संदेश ऐकतो? पुष्कळदा आठवड्यात पाळकांना जे खुपले ते. मंडळीत कोणाशी बिनसले असेल, तर त्याला लागेल असे वचन शोधले जाते. (ऐकणाऱ्या सर्वांना ते कळते.) पुस्तक ओळीने घेतले की ही पळवाट उरत नाही. पुढचे वचन येईल ते सांगावेच लागते, पाळकांना स्वतःला बोचणारे असले तरीही.

कॅल्व्हिन रविवारी बहुधा नव्या करारावर आणि आठवड्याच्या दिवशी जुन्या करारावर बोलत. लिहिलेला कागद समोर नसे. इब्री किंवा ग्रीक शास्त्र उघडून ते साध्या फ्रेंचमध्ये समजावीत. १५४९ पासून देनी रागनिए हे लघुलेखक त्यांचे शब्द टिपून घेऊ लागले, म्हणून आपल्याला आकडे ठाऊक आहेत: ईयोबावर १५९ उपदेश, अनुवादावर २००, इफिसकरांस पत्रावर ४८. ज्या वर्षी रागनिए यांनी हे काम हाती घेतले, त्याच वर्षी कॅल्व्हिन यांची पत्नी इदलेत वारली. त्यांचा तान्हा मुलगा आधीच गेला होता. उपदेशाचा क्रम मात्र चालू राहिला.

हे जीवन निष्कलंक नव्हते. १५५३ मध्ये मायकेल सर्व्हेटस यांना जिनिव्हात पाखंडी ठरवून जाळण्यात आले. त्या खटल्यात कॅल्व्हिन यांचा हात होता. हे झाकून त्यांचे चरित्र सांगणे योग्य नाही.

शेवटच्या काळात संधिवात, मुतखडा आणि क्षय यांनी शरीर पोखरले. चालता येईना, तेव्हा लोक त्यांना खुर्चीत बसवून सेंट पीटर मंदिरात नेत. ६ फेब्रुवारी १५६४ रोजी त्यांनी शेवटचा उपदेश केला आणि २७ मे रोजी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे कबरीवर नाव घातले नाही. १८०५ मध्ये जिनिव्हाच्या ग्रंथालयाने त्या हस्तलिखित उपदेशांचे बरेच खंड रद्दीसारखे वजनावर विकून टाकले. काही पुढे सापडले, बाकीचे गेले ते गेलेच.