दोन नावांचा माणूस

चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू हे एकच, हे आपण बी. ए. च्या वर्गात शिकतो. कादंबऱ्या नि नाटके एका नावावर, कविता दुसऱ्या. परीक्षेला एवढे पुरते. पण ‘कोंडुरा’ चित्रपट पाहिल्यापासून मला वाटते, माणसाची खरी ओळख कोणती, हा प्रश्न या लेखकाला जन्मभर छळत असावा.

खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० चा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई येथला. तरुणपणी त्यांनी कुडाळला खाणावळ चालवली. १९५४ साली ‘सत्यकथे’त कविता छापून आली, ती आरती प्रभू या नावाने. पुढे पोटासाठी मुंबई गाठली. आकाशवाणीत नोकरी लागली, तीही टिकली नाही. ओढगस्त संपली नाही आणि लिहिणेही थांबले नाही.

‘कोंडुरा’ ही कादंबरी १९६६ ची. श्याम बेनेगलांनी १९७८ साली तिच्यावरून हिंदीत ‘कोंडुरा’ व तेलुगूत ‘अनुग्रहम्’ असे जुळे चित्रपट काढले. घर सोडून निघालेल्या परशुरामाला एक सिद्धपुरुष भेटतो, गर्भ पाडणारी मुळी देतो आणि ब्रह्मचर्याचे बंधन घालतो. पुढे त्याला देवीही दिसू लागते. ती खरीच देवी की त्याच्या मनाचा खेळ, हे त्याला कळत नाही, आपल्यालाही नाही. त्याच्या खात्रीची किंमत मात्र बायकांना मोजावी लागते. अंगावर काटा येतो तो इथे.

कोकणातली ही गोष्ट पडद्यावर आंध्रात गेली. मी लातूरचा, समुद्रापासून लांब वाढलेला. नांदेडला शिकायला आल्यावर देगलूर-बिलोलीकडच्या मित्रांच्या तोंडी तेलुगू ऐकू लागलो. त्यांतल्या एकाबरोबर हा चित्रपट पाहिला. मूळ गोष्ट वेंगुर्ल्याकडची, हे त्याला पटेचना. त्याला ती आपल्याच मुलखातली वाटली. गाव बदलले, भाषा बदलली, भीती तीच राहिली.

खानोलकरांनी हे काही पाहिले नाही. २६ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्याच कथेवरचा व्ही. शांतारामांचा ‘चानी’ १९७७ साली आला. १९७८ साली ‘नक्षत्रांचे देणे’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रपट निघाले खानोलकरांच्या कथांवर, पुरस्कार मिळाला आरती प्रभूंच्या कवितांना. घ्यायला दोघांपैकी कोणीच नव्हते.

ग्रंथालयात कविता एका कपाटात असतात, कादंबऱ्या दुसऱ्या. मित्रहो, एकदा दोन्ही नावांची पुस्तके बरोबरच घरी न्या.