श्वानालाही शिकवणी, धन्यालाही

जून १९२८. न्यूयॉर्क बंदरालगतचा वेस्ट स्ट्रीट हा मालमोटारींनी गजबजलेला अतिरुंद रस्ता. डोळस माणूसही तो ओलांडताना दहा वेळा विचार करी. त्या दिवशी वार्ताहरांच्या देखत वीस वर्षांचा एक अंध तरुण जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्रीसह त्या गर्दीत उतरला आणि सुखरूप पलीकडे पोहोचला. तरुणाचे नाव मॉरिस फ्रँक, कुत्रीचे बडी. हे दृश्य शक्य करणारी स्त्री मात्र त्या वेळी तेथे नव्हती. ती होती डोरोथी हॅरिसन यूस्टिस.

डोरोथी यांचा जन्म ३० मे १८८६ रोजी फिलाडेल्फियातील एका सधन घराण्यात झाला. पती वॉल्टर वूड यांच्यासमवेत त्यांनी न्यूयॉर्क राज्यात शेती आणि गोपालन केले. निवडक पैदाशीतून गाईंचे दूध वाढविण्याचे प्रयोग त्यांनी तेथे जवळून पाहिले. १९१५ मध्ये वूड यांचे निधन झाले आणि दोन मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे १९२३ मध्ये त्यांनी जॉर्ज यूस्टिस यांच्याशी विवाह केला. तो फार काळ टिकला नाही. पण त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये उभे राहिलेले काम टिकले.

व्हेवे शहराच्या वरच्या अंगाला, माँ पेलरँ डोंगरावर, ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ या ठिकाणी त्यांनी जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास सुरू केली. प्रदर्शनांतील देखणेपणाच्या हव्यासापायी या जातीचे मूळ गुण, म्हणजे बुद्धी, निष्ठा आणि कामाची ओढ, मागे पडत चालले आहेत, असे त्यांचे मत होते. घोड्यांना शिकविण्यात मुरलेले जॅक हम्फ्री त्यांना सहकारी म्हणून लाभले. तेथे तयार झालेले श्वान पोलीस आणि लष्कराच्या सेवेत रुजू होऊ लागले.

पहिल्या महायुद्धाने जर्मनीत असंख्य सैनिकांची दृष्टी हिरावून घेतली होती. त्यांच्यासाठी तेथे मार्गदर्शक श्वान तयार केले जात. पॉट्सडॅम येथील अशी शाळा डोरोथी यांनी पाहिली आणि त्या भारावून गेल्या. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाला त्यांच्याच श्वानशाळेविषयी लेख हवा होता. त्यांनी लिहिले ते पॉट्सडॅमविषयी. ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकातील तो लेख नॅशव्हिलमध्ये एका पित्याने आपल्या अंध मुलाला वाचून दाखविला. तो मुलगा म्हणजे मॉरिस फ्रँक. कोठेही जायचे तर पगारी सोबत्याचा हात धरावा लागे, याची त्याला मनस्वी चीड होती. त्याने डोरोथी यांना पत्र लिहून श्वान मागितला आणि आपल्यासारख्या इतरांसाठी अमेरिकेत अशी शाळा काढण्याची तयारीही कळविली.

१९२८ च्या वसंतात मॉरिस स्वित्झर्लंडला पोहोचला. बडी आधीच शिकून तयार होती. आता पाळी धन्याची होती. डोरोथी यांच्या पद्धतीचे मर्म येथेच आहे. श्वान कितीही हुशार असला तरी धन्याला त्याची भाषा उमगली नाही, तर सारे शिक्षण वाया जाते. ताठ मुठीच्या पट्ट्यातून श्वानाची हालचाल हाताला कशी जाणवते, चूक झाली तर तत्क्षणी कसे सावरावे, नीट केले तर तितक्याच तत्परतेने शाबासकी कशी द्यावी, हे माणसाने शिकायचे. नुसता धाक दाखविला तर श्वान दबतो. नुसते लाड केले तर बेफिकीर होतो. दोहोंचा तोल साधायचा तो धन्याने.

या कामात कामाची वाटणीही ठरलेली असते. कोठे जायचे, कोठे वळायचे हे माणूस ठरवितो. सिग्नलचे रंग श्वान वाचत नाही. रहदारीचा कानोसा घेऊन पुढे जाण्याची आज्ञा माणूसच देतो. मात्र समोर वाहन वा खड्डा असेल, तर ती आज्ञा न मानणे हे श्वानाचे कर्तव्य ठरते. आज्ञाधारकपणाच्या शिक्षणात विवेकी आज्ञाभंगालाही असे मानाचे स्थान मिळाले.

२९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ या संस्थेची स्थापना झाली. तेथील उष्मा श्वानांना मानवेना, म्हणून १९३१ मध्ये ती न्यू जर्सीत हलविण्यात आली. डोरोथी यांनी आपला पैसा आणि वेळ तिच्यासाठी वेचला. ब्रिटनमध्ये असे काम सुरू होत असताना तेथेही आपला प्रशिक्षक धाडला. संस्थेने दयेच्या दानापासून कटाक्षाने अंतर राखले. श्वानासाठी विद्यार्थ्याने १५० डॉलर भरायचे, हवे तर हप्त्याहप्त्याने. खर्चाच्या मानाने ही रक्कम नाममात्रच होती. पण आपला श्वान आपण आपल्या पैशाने मिळविला, हा अभिमान त्यात होता.

८ सप्टेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे डोरोथी यांचे निधन झाले. २०११ मध्ये अमेरिकेच्या ‘नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांच्या संस्थेतून आजवर हजारो अंध व्यक्ती आपापल्या श्वानासह बाहेर पडल्या आहेत. कुत्रा ऐकत नाही, अशी तक्रार आज शहरांतील घराघरांत ऐकू येते. डोरोथी यांच्या शाळेत त्या तक्रारीची उलटतपासणी आधी धन्यापासून सुरू होत असे.