दुष्काळातील मुलींना रमाबाईंचा आसरा

१८७४ मध्ये दुष्काळाच्या वणवणीत पंडिता रमाबाईंनी आई-वडील गमावले. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १८८३ मध्ये लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ ठरलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. आपल्याकडे अशांना कोणी दारातही उभे करीत नसे! त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे धर्मांतराच्या संशयावरून १८९३ मध्ये पुण्यातील शारदा सदनातून पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. रमाबाई मात्र १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनोळखी, आजारी मुलींना त्यांनी आसरा दिला. अकोटसह अवघ्या वऱ्हाडाला होरपळविणाऱ्या १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या ‘मुक्ती’त सुमारे २००० जीव राहत होते. फुलहॅमच्या धर्तीवर तेथे ‘कृपा सदन’ही उभे राहिले.