घाबरवणारा घाबरट

‘तुंबाड’ तुम्ही पाहिलेला असणारच. २०१८मध्ये हुकला असेल तर २०२४मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा तरी. त्यातला हस्तर आठवतोय? राही अनिल बर्वे यांना या सिनेमाचं बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत सापडलं, हे तुमच्यातल्या हॉररवेड्यांना ठाऊक असेल. धारपांची ‘आजी’ बेतलेली स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ या कथेवर. आणि किंगच्या कथेतली ती भयंकर म्हातारी ज्याचं नाव घेऊन हाक घालते, तो हस्टर! हस्तर, हस्टर. काही ओळखीचं वाटलं?

गंमत म्हणजे हस्टर किंगचाही नाही. अँब्रोझ बिअर्स नावाच्या जुन्या अमेरिकन लेखकाच्या गोष्टीत तो मेंढपाळांचा साधासुधा देव होता. मग तो एकेका लेखकाच्या हाती लागत गेला आणि एका माणसाच्या गोतावळ्यात पोचल्यावर त्याचा पार राक्षस झाला. त्या माणसाचं नाव हॉवर्ड फिलिप्स लवक्राफ्ट. जुंजी इतोची मांगा वाचता? इतोवर लवक्राफ्टचा प्रभाव आहे, तो स्वतःच तसं सांगतो. ‘ब्लडबोर्न’ खेळलात? त्यातलं अर्धं जग लवक्राफ्टचं. मेटॅलिकाचं ‘द कॉल ऑफ क्टूलू’ लूपवर ऐकता? तेही त्याच्याच कथेच्या नावावरून. म्हणजे त्याची एक ओळ न वाचताही तुम्ही त्याच्या घरात कधीच येऊन बसलाय. मग घरमालकाची ओळख करून घ्यायला हवी. ती फारशी सुखाची नाही, हे आधीच सांगतो.

लवक्राफ्टचा जन्म २० ऑगस्ट १८९०चा, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातला. वडील फिरते विक्रेते. हॉवर्ड जेमतेम अडीच-तीन वर्षांचा असताना शिकागोतल्या एका हॉटेलात त्यांचा मानसिक तोल गेला. त्यांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटलमध्ये ठेवलं आणि पाच वर्षांनी तिथेच ते गेले. पोरगा वाढला आजोळी. आजोबा श्रीमंत, घरात पुस्तकंच पुस्तकं आणि संध्याकाळी आजोबांच्या तोंडून भुताखेतांच्या गोष्टी. पाच वर्षांचा असताना त्याला अरबी सुरस कथांनी इतकं झपाटलं की त्याने स्वतःसाठी एक अरबी नाव घेतलं, अब्दुल अलहझ्रेद. हेच नाव पुढे त्याच्या ‘नेक्रोनॉमिकॉन’ या काल्पनिक ग्रंथाच्या लेखकाला मिळालं. हा ग्रंथ खरंच कुठेतरी आहे असं मानणारे लोक आजही भेटतात. नाहीये, बाबांनो. त्याने तो खेळण्यातला म्हणून रचला होता.

आजी वारली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. घरभर काळे कपडे, आणि रात्री स्वप्नात चेहरा नसलेले, पंखवाले काळे प्राणी येऊन त्याला उचलून न्यायचे. १९०४मध्ये आजोबा गेले, धंदा बुडाला, घर गेलं. तेव्हा वय तेरा. त्याला खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं, पण गणिताने दगा दिला. शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर तब्येत आणि मन दोन्ही कोलमडलं. शाळा पूर्ण झाली नाही, कॉलेजचा प्रश्नच आला नाही. पुढची पाचेक वर्षं तो आईबरोबर घरात जवळपास कोंडून होता. तुमच्या वयाचा मुलगा, डिग्री नाही, काम नाही, बाहेर जायचं नाही.

बाहेर काढलं कशाने? भांडणाने! ‘आर्गोसी’ नावाच्या मासिकात एक लेखक गोडगोड प्रेमकथा लिहायचा. १९१३मध्ये लवक्राफ्टने संपादकाला खरमरीत पत्र धाडलं. ते छापून आलं आणि चाहत्यांनी त्याच्यावर तुटून पडायला सुरुवात केली. याने उत्तरं दिली, तीही पद्यात. मग समोरूनही पद्यातच. महिनोन् महिने हे चाललं. ते पाहून हौशी छापखानेवाल्यांच्या एका संघटनेने त्याला आत ओढलं. ही मंडळी आपापली छोटी नियतकालिकं छापायची आणि एकमेकांना पोस्टाने पाठवायची. तिथे त्याला माणसं मिळाली, वाचक मिळाले आणि कथा लिहायचं धाडस मिळालं. १९२३मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ हे मासिक निघालं, स्वस्त कागदावर छापलेलं, भडक मुखपृष्ठाचं. लवक्राफ्टच्या बऱ्याचशा कथा तिथेच आल्या.

आता त्याच्या आयुष्यातला सगळ्यात न समजणारा भाग. १९२१मध्ये आई गेली. तीही शेवटी त्याच बटलर हॉस्पिटलमध्ये होती. काही आठवड्यांतच बॉस्टनच्या एका संमेलनात त्याला सोनिया ग्रीन भेटली. वयाने सात वर्षं मोठी, वैधव्याच्या वळणावरून पुढे आलेली, एका मुलीची आई. न्यूयॉर्कच्या फॅशनच्या दुकानात उत्तम पगारावर काम करणारी, स्वतः लिहिणारी. जन्म युक्रेनचा. आणि ज्यू.

लवक्राफ्ट ज्यूंबद्दल, काळ्या लोकांबद्दल, युरोपातून येणाऱ्या गरीब स्थलांतरितांबद्दल जे लिहायचा ते वाचवत नाही. ‘त्या काळात सगळेच असे होते’ असं त्याचे चाहते सांगतात. मला ते पटत नाही. त्या काळातही त्याच्या मित्रांना त्याचं हे बोलणं टोकाचं वाटायचं. १९१२मध्ये त्याने काळ्या माणसांबद्दल एक इतकी घाणेरडी कविता लिहिली की तिचं शीर्षकही इथे छापता येणार नाही.

तरी सोनियाने त्याच्याशी ३ मार्च १९२४ला लग्न केलं. लग्नाचाही एक किस्सा आहे. जादूगार हुडिनीसाठी त्याने नाव न लावता एक कथा लिहिली होती. लग्नाला निघताना ती टाइप केलेली प्रत प्रॉव्हिडन्सच्या स्टेशनवर हरवली, आणि नवराबायकोने हनिमून ती पुन्हा टाइप करण्यात घालवला. सोनिया मजकूर वाचून दाखवायची, हा बडवायचा.

न्यूयॉर्कने मात्र त्याला मोडलं. सोनियाने स्वतःचं दुकान काढलं, ते बुडालं. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. हा ब्रुकलिनमध्ये रेड हूक वस्तीच्या काठावर एका खोलीत एकटा राहिला. नोकरी मिळेना. मिळणार कशी? अनुभव शून्य, आणि अर्जाची भाषा अठराव्या शतकातली. डब्यातले बीन्स आणि पाव खाऊन दिवस काढले. एका रात्री चोरांनी त्याचे जवळजवळ सगळे सूट नेले. ज्याला सभ्य दिसण्याचीच काय ती मिजास होती, त्याचे कपडेच गेले. आणि भोवती सगळीकडे सीरियाचे, इटलीचे, नॉर्वेचे लोक. त्यांच्या भाषा, त्यांचा बाजार, त्यांची पोरं. म्हणजे एखादं मोठं बंदराचं शहर असतं तसंच. गर्दीत शिरला की तो रागाने थरथरायचा, असं सोनियाने पुढे लिहून ठेवलंय. आपणही यातलेच, याची तिला त्याला आठवण करून द्यावी लागायची.

ऑगस्ट १९२५मध्ये त्याने ‘द हॉरर अ‍ॅट रेड हूक’ लिहिली. स्थलांतरितांच्या वस्तीत तळघरात सैतानपूजा चालते, अशी कथा. अगदी सुमार आहे. शेजाऱ्यांचा राग आलाय म्हणून लिहिलेली, आणि ते ओळीओळीत दिसतं.

एप्रिल १९२६मध्ये तो प्रॉव्हिडन्सला मावश्यांकडे परतला. सोनिया तिथे येऊन दुकान टाकायला तयार होती. आपल्या घराण्यातल्या पुरुषाची बायको आपल्याच गावात दुकान चालवणार हे मावश्यांना मानवलं नाही. यानेही हूं की चूं केलं नाही. लग्न तिथेच संपलं.

आणि त्याच उन्हाळ्यात त्याने ‘द कॉल ऑफ कथुलू’ लिहिली. समुद्राच्या तळाशी बुडालेलं एक शहर, तिथे झोपलेलं काहीतरी प्रचंड, आणि ते जागं झालं तर माणूस नावाच्या जातीची त्याला मुंगीइतकीही फिकीर नसणार, हा त्यातला झटका. तोवरच्या भुतांना आपल्याकडून काहीतरी हवं असायचं. सूड, रक्त, मुक्ती, नैवेद्य. लवक्राफ्टच्या विश्वाला तुमच्याकडून काहीच नको असतं. तुम्ही आहात हेच त्याच्या गावी नसतं. विचार करून बघा, यातलं जास्त भीतीदायक काय? ‘वीअर्ड टेल्स’ने ही कथा आधी परत पाठवली होती. छापली ती १९२८मध्ये.

त्याच्या कथांत संवाद जवळपास नसतात, बायका नसतात, विशेषणांचा मात्र पूर असतो. हे सगळं कबूल करूनही ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ वाचाच. एका शेतात उल्का पडते. तिच्यात एक रंग असतो, ज्याला नाव नाही. तो विहिरीत उतरतो. मग फळं मोठी येतात पण कडू, जनावरं वाळत जातात आणि शेतकऱ्याचं घर आतून पोखरत जातं. भूत नाही, राक्षस नाही, दोषी कुणी नाही. १९२७ची ही कथा आज दूषित पाण्याच्या बातमीसारखी वाचता येते.

‘द शॅडो ओव्हर इन्समाउथ’ ही दुसरी. एका मासेमारीच्या गावातले लोक समुद्रातल्या प्राण्यांशी सोयरीक करतात आणि पिढीगणिक त्यांचे चेहरे बदलत जातात. वरवर बघता ही त्याच्या संकराच्या भीतीचीच कथा आहे. पण शेवटी निवेदकाला कळतं की तेच रक्त आपल्यातही आहे. आईबाप दोघेही एकाच वेड्यांच्या इस्पितळात गेलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे लक्षात ठेवून तो शेवट वाचा. दुसऱ्यांच्या रक्ताला आयुष्यभर नावं ठेवणारा माणूस आपल्या स्वतःच्या रक्ताला किती घाबरत असेल, हे मला तिथे दिसतं. त्याच्या हयातीत पुस्तक म्हणून निघालेली ही एकमेव कथा. १९३६मध्ये एका हौशी प्रकाशकाने काढली, मुद्रणाच्या चुकांनी भरलेली, आणि जेमतेम दोनशे प्रती बांधल्या.

हाच माणूस पत्रांत मात्र वेगळा होता. त्याने आयुष्यभरात लिहिलेल्या पत्रांचा अंदाज एक लाखाच्या आसपास सांगतात. खायला पैसे नसले तरी तिकिटांना असायचे. पत्रं कुणाला? कोनानचा जनक रॉबर्ट हॉवर्ड हा त्यातला एक. पण बरीचशी शाळा-कॉलेजातल्या पोरांना. आर. एच. बार्लो पहिलं पत्र पाठवताना तेरा वर्षांचा होता, पुढे लवक्राफ्टने त्यालाच आपल्या साहित्याची जबाबदारी सोपवली. रॉबर्ट ब्लॉक सोळाचा होता. लवक्राफ्टने त्याला पुस्तकं उसनी धाडली, कथा तपासून दिल्या, मी नवखा आहे असं कधी वाटू दिलं नाही. ब्लॉकने एका कथेत लवक्राफ्टसारख्या दिसणाऱ्या पात्राचा खून पाडला, तोही रीतसर परवानगी घेऊन. याने उत्तरादाखल ‘द हाँटर ऑफ द डार्क’मध्ये रॉबर्ट ब्लेक नावाचा तरुण लेखक मारून टाकला! या ब्लॉकनेच पुढे ‘सायको’ लिहिली, जिच्यावर हिचकॉकचा सिनेमा आला.

ज्या पोराला कधी पाहिलं नाही त्याला दहा-दहा पानांचं प्रेमाचं पत्र, आणि ट्रामच्या शेजारच्या सीटवरच्या माणसाबद्दल किळस. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच पेनाने. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं, असं म्हणून सुटता येत नाही.

१५ मार्च १९३७ला आतड्याच्या कॅन्सरने तो गेला. वय ४६. आपण अपयशी ठरलो अशीच त्याची समजूत होती. त्या पत्रमित्रांपैकी दोघांनी, ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री यांनी, १९३९मध्ये केवळ त्याच्या कथा छापण्यासाठी अर्कम हाउस ही प्रकाशन संस्था काढली. ती पत्रं नसती तर कदाचित हा सगळा कागद रद्दीत गेला असता. त्याच्या नावाचा स्वतंत्र दगड स्मशानात बसला तो थेट १९७७मध्ये, वाचकांच्या वर्गणीतून.

वर्ल्ड फँटसी अवॉर्डची ट्रॉफी म्हणजे १९७५पासून लवक्राफ्टचं डोकं असायचं. २०११मध्ये ती नायजेरियन वंशाच्या नेडी ओकोराफोरला मिळाली. नंतर तिच्या वाचनात ती १९१२ची कविता आली. ज्याने आपल्या लोकांना माणूसच मानलं नाही, त्याचं डोकं आपल्या शेल्फवर? तिने हा प्रश्न उघडपणे मांडला. बराच वाद झाला. २०१५मध्ये ती ट्रॉफी बदलायचं ठरलं.

पण पुस्तकं कुणी फेकली नाहीत. उलट तेव्हापासून लवक्राफ्टला उत्तर देणाऱ्या पुस्तकांची रांगच लागलीय, आणि हॉररचे वाचक सध्या तीच हातोहात वाचतायत. मॅट रफचं ‘लवक्राफ्ट कंट्री’, ज्यावर एचबीओची सीरिज आली. एन. के. जेमिसिनचं ‘द सिटी वी बिकेम’, ज्यात त्याला नकोसं झालेलं न्यूयॉर्कच नायक आहे. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाचं ‘मेक्सिकन गॉथिक’. आणि माझं सगळ्यात लाडकं, व्हिक्टर लावालचं २०१६चं ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या या काळ्या लेखकाने लहानपणी लवक्राफ्ट वेड्यासारखा वाचला होता. मोठेपणी त्याने तीच सुमार ‘रेड हूक’ उचलली आणि तिच्यात हार्लेमचा एक काळा तरुण घालून ती आतून उलटी केली. पुस्तक अर्पण केलंय लवक्राफ्टलाच, मनातली सगळी ओढाताण मान्य करून.

लवक्राफ्टला जाऊन इतकी वर्षं झाली की भारतात त्याच्या कथांवर कॉपीराइट उरलेला नाही, त्यामुळे नेटवर त्या बिनदिक्कत आणि फुकट वाचता येतात. ‘कलर’ आणि ‘इन्समाउथ’ आधी वाचा. मग नाक मुरडत का होईना ‘रेड हूक’, आणि तिच्या लगेच पाठोपाठ ‘ब्लॅक टॉम’. दोन्ही मिळून एका वीकेंडचं काम आहे. हस्टर मात्र यात कुठे भेटणार नाही. त्याच्यासाठी धारपांकडे जा.